कार्ड आहे, गेम नाही

२ एप्रिल २०२५ ला निन्टेंडोने स्विच २ ची सगळी माहिती जाहीर केली आणि माझ्या टाइमलाइनवर दिवाळी सुरू झाली. ७.९ इंची स्क्रीन, १०८०पी, १२० हर्ट्झ, चुंबकाने चिकटणारे जॉय-कॉन, आणि ते कडेवर धरून टेबलावर सरकवले की चक्क माऊस! टीव्हीला जोडलं की ४के. मशीन झकास आहे, त्यात वादच नाही. २०१७ चा स्विच आठ वर्षं दामटवणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल तर साहजिक आहे.

मग किमती आल्या आणि सगळे किमतीवर तुटून पडले. मशीन ४४९.९९ डॉलर, म्हणजे सरळ हिशेबाने साधारण ३८ हजार रुपये. 'मारियो कार्ट वर्ल्ड' ८० डॉलर. मशीनची ओळख करून देणारा 'वेलकम टूर' पण विकत, १० डॉलर! २००६ साली अमेरिकेत 'वी' सोबत 'वी स्पोर्ट्स' फुकट देणारी हीच कंपनी. आता मशीनचं माहितीपत्रक वाचायला तिकीट.

पण किंमत ही निदान उघड गोष्ट आहे हो. आकडा दिसतो, परवडलं तर घ्या, नाहीतर सोडा. राग यायला हवा तो 'गेम-की कार्ड' नावाच्या प्रकाराचा, आणि त्यावर फारसं कोणी बोलताना दिसत नाहीये.

हा प्रकार काय आहे? तुम्ही दुकानातून डबी आणता. डबीत कार्ड असतं, नेहमीसारखंच. ते मशीनमध्ये घातलं की कळतं, त्यात गेम नाही, फक्त किल्ली आहे. गेम इंटरनेटवरून उतरवायचा, मशीनमधल्या २५६ जीबीतली जागा त्याला द्यायची, आणि उतरवून झाल्यावरही खेळताना प्रत्येक वेळी कार्ड आत हवंच. म्हणजे डाउनलोडचा ताप आहेच, वर कार्ड सांभाळायचा तापही आहे. जागा संपली तर जुनं मायक्रोएसडी कार्ड गेमसाठी चालणार नाही, नवं 'एक्सप्रेस' जातीचं घ्या.

आपल्याकडच्या ज्या पिढीने नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे नकली व्हिडिओ गेम खेळले, तिला हे वेगळं समजावून सांगायला नको. मशीन नकली, कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं, आत खरे गेम पंधरा-वीस. तरी त्या पंधरा-वीसांत मारिओ होता, काँट्रा होता, आणि ते *त्या कॅसेटमध्ये* होते. चाललं नाही तर फुंकर मारायची आणि परत घालायची. शेजारच्याला द्यायची, त्याची आपण आणायची. कॅसेट आणि मशीन शाबूत असेल तर ती आजही चालेल. क्योटोतल्या कुठल्या सर्व्हरची परवानगी लागणार नाही.

निन्टेंडोची बाजूही सांगतो. हे कार्ड विकता येतं, उसनं देता येतं. एकाच खात्याला बांधलेलं नसतं. डबीत नुसता कोड लिहिलेला कागद घालून विकण्यापेक्षा हे बरं, हे मान्य. पण विकताना तुम्ही नक्की काय विकता? डाउनलोड करण्याची परवानगी. ती सुद्धा कंपनीचा सर्व्हर चालू आहे तोवर. आणि सर्व्हरचं आयुष्य किती असतं, ते याच कंपनीने दाखवलंय. ३डीएस आणि वी यू ची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ ला बंद झाली. घेतलेले गेम परत उतरवता येतात, पण 'तूर्तास'. त्या 'तूर्तास'वर माझा विश्वास नाही.

मोठी मेमरी असलेली कार्डं महाग पडतात, असं सांगतात. पडत असतील. पण मग 'सायबरपंक २०७७' सारखा अवाढव्य गेम ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण कसा आला? त्या कंपनीने खर्च केला म्हणून. उलट 'ब्रेव्हली डिफॉल्ट' बघा. २०१२ साली ३डीएसच्या चिमुकल्या कार्डात अख्खा मावलेला गेम. त्याची चकचकीत नवी आवृत्ती स्विच २ वर आली, आणि डबीत किल्ली!

डिजिटल घेणाऱ्यांचे हाल तर वेगळेच. 'व्हर्च्युअल गेम कार्ड' म्हणून नवी सोय काढलीय. स्वतःच्या पैशाने घेतलेला गेम सख्ख्या भावाला द्यायचा तर मुदत १४ दिवस, मग आपोआप परत. निदान आपल्या वाचनालयातली बाई पुस्तक बदलायला आलात तर चार गोष्टी विचारायची.

"आपण बोलून काय होणार" म्हणणाऱ्यांसाठी २०१३ ची आठवण. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा २४ तासांतून एकदा इंटरनेटची हजेरी आणि जुन्या डिस्क विकण्यावर बंधनं ठेवली होती. लोक भडकले. १० जूनला सोनीने छोटासा व्हिडिओ टाकला: गेम उसना कसा द्यायचा? एकाने डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली, संपलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने सगळं मागे घेतलं. आणि आज? त्याच सोनीचा पीएस५ प्रो २०२४ मध्ये ७०० डॉलरला आला, डिस्क ड्राइव्हशिवाय. ड्राइव्ह वेगळा विकत घ्या. तेव्हा आरडाओरडा झाला म्हणून गाडी थांबली, आता कोणी बोलत नाही म्हणून चाललीय.

आपला संबंध काय, असं विचाराल. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. त्यांच्या ऑनलाइन दुकानाच्या देशांच्या यादीत आपण नाही. मशीन येतं ते परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून किंवा लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून. इथला गेमर टिकलाय तो जुन्या कार्डांच्या अदलाबदलीवर. दुसऱ्या-तिसऱ्या हातात पोचेपर्यंत त्या किल्लीचं कुलूप शिल्लक असेल का, हा प्रश्न म्हणूनच आपला जास्त आहे.

मशीन ५ जून २०२५ ला आलं. कोणाला आणायला सांगणार असाल तर दोन गोष्टी. जपानमधलं, २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेलं मशीन स्वस्त दिसतं, पण ते फक्त जपानी भाषेत आणि जपानी खात्यावर चालतं. बाकी भाषांचं तेव्हा ६९,९८० येनला होतं. आणि गेम घेताना डबीच्या पुढच्या बाजूला खाली बघायला सांगा. तिथे 'गेम-की कार्ड' अशी पट्टी असेल तर डबी परत फळीवर ठेवायची.