प्रदूषित हवा आणि विजांचे ढग : व्हाइटफील्डसमोरील प्रश्न

बंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड परिसरात एप्रिल-मे महिन्यांत विजांच्या कडकडाटासह वळवाचा पाऊस कोसळतो. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या या वसाहतीतील हवेत वाहनांचा धूर, डिझेल जनरेटरची काजळी आणि बांधकामांची धूळ मिसळलेली असते. हे कण केवळ श्वसनालाच अपायकारक नाहीत, तर ते ढगांतील विजेवरही परिणाम करू शकतात, असे संशोधनातून दिसून आले आहे.

बाष्पाचे थेंब होण्यासाठी सूक्ष्म कणांचा आधार लागतो. कण मोजके असल्यास थेंब मोठे होऊन लवकर बरसतात. कण वाढल्यास तेच बाष्प असंख्य लहान थेंबांत विभागले जाते. हे हलके थेंब वर चढणाऱ्या हवेबरोबर शून्य अंश तापमानाच्या पातळीपलीकडे जाऊन गोठतात. तेथे हिमकण व मऊ गारा एकमेकांवर आदळतात, विद्युतभार विलग होतो आणि वीज चमकते.

याचा ठळक पुरावा समुद्रावर मिळाला. पूर्व हिंदी महासागर व दक्षिण चीन समुद्रातील जहाजमार्गांवर लगतच्या सागरी भागापेक्षा सुमारे दुप्पट विजा होत असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणण्यात आली. त्यानंतर सिंगापूरजवळील मार्गांवरील विजांचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले.

जमिनीवर मात्र हे गणित इतके सरळ नाही. उष्णता, आर्द्रता आणि भूरचना यांचाही प्रभाव असतो. शिवाय प्रदूषणाचा थर फार दाट झाल्यास सूर्यप्रकाश अडून ढगांची वाढ खुंटू शकते. त्यामुळे व्हाइटफील्डमधील प्रत्येक विजेचे खापर धुरावर फोडता येणार नाही.

तरीही या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. अशा बळींमध्ये उघड्या शेतात राबणाऱ्यांची संख्या मोठी असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देते. मात्र इशारा हा बचावाचा उपाय आहे, कारणावरचा नव्हे.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात बंगळुरूचा समावेश आहे. त्याचे यश प्रामुख्याने हवेतील कणांच्या मोजमापावरून ठरते. त्याला विजांच्या नोंदींची जोड दिल्यास शुद्ध हवेचा लाभ शहराच्या वेशीपलीकडील शिवारापर्यंत पोहोचतो का, हेही पडताळता येईल.