वैमानिकाचा घाम

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या तळावर मिग-२१ या विमानाला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ पासून बासष्ट वर्षे या विमानाने भारतीय हवाई दलाची सेवा केली आणि त्यांपैकी कित्येक विमाने नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडली. निरोपाच्या निमित्ताने १९७१ च्या युद्धातील पराक्रमाची उजळणी झाली, अपघातांचाही हिशेब मांडला गेला. भर उन्हाळ्यात कमी उंचीवरून हे विमान नेणाऱ्या वैमानिकाला जो उकाडा सोसावा लागे, त्याचा उल्लेख मात्र फारसा कोठे झाला नाही.

याला एक कारण असावे. वातानुकूलन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साहेबाची खोली उभी राहते. बाहेर कारकुनांच्या डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि आत थंडगार हवा, ही वाटणी सर्वांच्या इतकी परिचयाची आहे की थंड हवा ही चैनच होय, असे मानण्याची सवय जडली आहे. मग सैनिकाने ती मागावी हे तर शोभणारेच नाही! लढाऊ विमानाच्या बाबतीत ही समजूत साफ चुकीची आहे.

आकाशात वर थंडी असते हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दहा किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास जाते. पण शत्रूच्या रडारला चुकविण्यासाठी वैमानिकाला जमिनीलगत उडावे लागते, आणि तेथे उलटाच प्रकार घडतो. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाच्या अंगावर हवा आदळते, दाबली जाते व त्यामुळे सुमारे तीस अंशांनी तापते. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन असेल तर विमानाचा पत्रा सत्तरीच्या पुढे जातो. हवाई दलाचा तळ असलेल्या राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली होती. अशा प्रदेशात, काचेच्या घुमटाखाली, जाड पोशाख, पायांना आवळणारा विशेष सूट, हातमोजे, शिरस्त्राण आणि प्राणवायूचा मुखवटा चढवून माणूस बसलेला असतो.

त्याला थंड हवा पुरविणारी यंत्रणा इंजिनावरच पोसली जाते. इंजिनात दाबल्या गेलेल्या, काही शे अंश तापलेल्या हवेचा थोडा भाग काढून घ्यायचा, बाहेरच्या हवेच्या झोताने तो निववायचा आणि मग एका लहान टर्बाइनमधून प्रसरण पावू देऊन आणखी थंड करायचा, अशी ही रीत आहे. उंचावर ती सुरेख चालते. जमिनीलगत मात्र ज्या हवेने निववायचे तीच तापलेली असते. मिग-२१ ची आखणी झाली ती सोव्हिएत देशाच्या थंड आकाशात, उंचावरील शत्रूविमान गाठण्यासाठी. आपण त्याला राजस्थानच्या वाळवंटावरून खालच्या खाली पिटाळले. दोष द्यायचा तो विमानाला की ते वापरणाऱ्याला, हा प्रश्नच आहे.

शिवाय उड्डाणापूर्वीची प्रतीक्षा असते. हुकूम येताच काही मिनिटांत झेपावता यावे म्हणून वैमानिक पट्ट्यांनी जखडून धावपट्टीलगत बसून राहतो. इंजिन बंद, म्हणजे ही यंत्रणाही बंद. बाहेरून थंड हवा देणारी गाडी जोडलेली नसेल, तर आकाशात चढण्यापूर्वीच तो घामाने निथळलेला असतो.

शरीर तापले की ते थंड करण्यासाठी रक्त कातडीकडे धावते. घामावाटे पाणी जाते तसे रक्ताचे आकारमानही घटते. अशा वेळी विमानाने तीव्र वळण घेतले की शरीराचे वजन सहा-सात पटींनी वाढल्यासारखे होते आणि उरलेसुरले रक्त पायांकडे ओढले जाते. डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित शुद्धही हरपते. त्याआधीच ध्यान उणावते, तबकड्यांवरील आकडे वाचायला उशीर लागतो, निर्णय चुकतात. बंगळुरूत १९५७ पासून कार्य करणाऱ्या हवाई दलाच्या वैद्यक संस्थेचा हा जुना अभ्यासविषय आहे. तेव्हा अज्ञानाची सबब येथे चालणार नाही.

गंमत अशी की यंत्राच्या बाबतीत हा हलगर्जीपणा कोणी करीत नाही. रडार व संगणक तापले तर ते सरळ बंद पडतात, म्हणून त्यांच्या थंडाव्याची काळजी कसोशीने घेतली जाते. आपल्याकडेही २००६ पर्यंत असलेल्या मिग-२५ विमानात थंडाव्यासाठी मद्यार्क वापरले जाई. सोव्हिएत तळांवर त्यातील बराच भाग भलत्याच मार्गाने खर्ची पडे, असे सांगतात. अमेरिकेच्या एफ-३५ विमानात उपकरणांची भूक इतकी वाढली की मूळ योजनेपेक्षा कितीतरी अधिक हवा इंजिनातून काढावी लागू लागली. त्याने इंजिनाचे आयुष्य घटत असून त्यापायी सुमारे ३८ अब्ज डॉलरचा जादा देखभालखर्च येईल, असा अंदाज त्या देशाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ मध्ये नोंदविला. माणूस मात्र तापला तरी बंद पडत नाही, तो सोसतो. त्याची ही सहनशीलताच त्याच्या मुळावर येते.

थंडाव्याची किंमत मोजावी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. यंत्रणेच्या प्रत्येक किलोपायी इंधन किंवा शस्त्र कमी न्यावे लागते, आणि उष्ण, विरळ हवेत आधीच दुबळ्या झालेल्या इंजिनाची शक्ती त्यात आणखी खर्ची पडते. परदेशी विमान घेताना ही तडजोड दुसऱ्या कोणी, दुसऱ्या हवामानासाठी केलेली असते. तेजसच्या बाबतीत ती आपल्या हाती आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझर येथेच तयार झालेल्या त्याच्या सुधारित आवृत्तीच्या पहिल्या विमानाने उड्डाण केले. आता त्या विमानात नवी रडारे, नवी उपकरणे येतील आणि प्रत्येक जण थंड हवेतील आपला वाटा मागेल. वैमानिकाच्या वतीने कोण मागणार?

२०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाच्या विमानांना ३४ अपघात झाल्याची माहिती संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात आहे. त्यांतील अनेकांपुढे 'मानवी चूक' असे कारण लिहिलेले आहे. ही चूक झाली त्या क्षणी कॉकपिटमध्ये किती अंश तापमान होते, वैमानिक किती वेळ उन्हात बसून होता, हे रकानेही चौकशीच्या कागदावर असावयास हवेत. विमान ताब्यात घेतानाची चाचणी मे महिन्यात, भर दुपारी, वाळवंटातील तळावर आणि जमिनीलगत उडवून घ्यावी, आणि आत बसलेल्या माणसाच्या शरीराचे तापमान हे वेग व पल्ला यांच्या शेजारीच नोंदविले जावे. त्याला खर्च फारसा येणार नाही.