चिनी घोकंपट्टी आणि नागपूरचं ‘अपेक्षित’

मागच्या अंकात एका पत्रलेखकाने चिनी विद्यार्थ्यांचं इंग्रजी म्हणजे निव्वळ पाठांतर, असा शेरा मारला. पण तिथली परीक्षा त्यांनी पाहिलेली दिसत नाही.

चीनमध्ये १९८७ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ‘सीईटी-४’ ही इंग्रजी परीक्षा होते. एकूण गुण ७१०. त्यात ऐकून समजणं ३५ टक्के, वाचून समजणं ३५ टक्के, उरलेल्या ३० टक्क्यांत लेखन आणि भाषांतर. अनेक विद्यापीठांत मुलं कानाला रेडिओ-हेडफोन लावून बसतात, ध्वनिफीत हॉलभर एकाच वेळी प्रक्षेपित होते. बॅटरी संपली तर? ती काळजी ज्याची त्याने करायची!

आपल्याकडे काय? राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पदवीला अनिवार्य इंग्रजी म्हणजे मुख्यतः लेखी पेपर. धड्यांवरचे प्रश्न ‘अपेक्षित’ प्रश्नसंचातून पाठ करायचे, की झालं. बारावीला ८० गुण लेखी आणि २० तोंडी. तेही कॉलेजातच घेतले जातात.

मग तोच मुलगा परदेशी जायला आयईएलटीएस देतो. त्यातल्या ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते, प्रश्न ४०. वर्धा रोडच्या क्लासमध्ये हजारो रुपये मोजून तो तेव्हा पहिल्यांदा ऐकायला शिकतो.

चिनी पद्धतीतही खोट आहे. बोलण्याची परीक्षा वेगळी, आणि नोकरी देणारे ४२५ गुणांवरच अडून बसतात. तेवढं मान्य. पण पाठांतराचा ठपका ठेवण्याआधी त्यांनी सीताबर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात फेब्रुवारीत एक चक्कर मारावी.

— एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, धरमपेठ, नागपूर