अणूचा घसारा आणि कर्जाची चक्रवाढ

घसारा म्हणजे काय, हे व्यापारी कुटुंबात वेगळे सांगावे लागत नाही. यंत्र घेतले की पहिल्या वर्षी त्याच्या किमतीतून ठरावीक टक्के वजा होतात, दुसऱ्या वर्षी उरलेल्या किमतीतून पुन्हा तेवढेच टक्के, आणि हा क्रम पुढे चालू राहतो. आकडा दरवर्षी लहान होतो, पण शून्यावर मात्र कधीच येत नाही. सन १९०२ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे दोन तरुण शास्त्रज्ञांना असे आढळून आले की, निसर्गातील काही मूलद्रव्यांचे अणूसुद्धा नेमक्या याच हिशेबाने सरत जातात. त्यांतील एक अर्नेस्ट रदरफोर्ड. त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकातून बहुतेकांना ठाऊक असते. दुसरे फ्रेडरिक सॉडी. समस्थानिकांचा शोध लावून त्यांनी नोबेल पारितोषिक मिळविले, आणि त्यानंतर आयुष्याचा मोठा भाग पैसा, संपत्ती आणि कर्ज यांच्या विचारात घालविला. या सदराच्या वाचकांना त्यांचा परिचय करून देण्याचे हेच प्रयोजन आहे.

सॉडी यांचा जन्म २ सप्टेंबर १८७७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ईस्टबोर्न या गावी झाला. वडील लंडनमध्ये धान्याचा व्यापार करीत. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. आईचे छत्र अगदी बालपणीच हरपले. ऑक्सफर्ड येथे रसायनशास्त्रात पहिल्या वर्गाची पदवी मिळविल्यानंतर १९०० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले. तेथे रदरफोर्ड पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. थोरियम या धातूतून सतत एक किरणोत्सर्गी वायू बाहेर पडतो, हे त्यांना दिसले होते. परंतु तो वायू कोणता, हे सांगण्यासाठी रसायनशास्त्रज्ञाची गरज होती. सॉडींनी परीक्षा केली. तो वायू कशाशीही संयोग न पावणारा, आरगॉनच्या कुळातील निघाला. याचा अर्थ एकच होता : थोरियम स्वतःहून दुसऱ्याच मूलद्रव्यात रूपांतरित होत होते. सॉडी हर्षभरित झाले. रदरफोर्डनी मात्र, हे उघडपणे बोलू नकोस, लोक आपल्याला किमयागार ठरवून आपली मुंडकी उडवतील, अशा अर्थाचा इशारा दिला, ही आठवण पुढे सॉडींनीच सांगितली आहे. लोखंडाचे सोने करू पाहणाऱ्या किमयागारांची त्या काळी पुरेशी चेष्टा होऊन गेली होती.

यापुढचा प्रयोग तर प्रत्येक हिशेबनिसाला भावेल असा आहे. थोरियममधून त्यांनी एक अत्यंत प्रखर किरणोत्सर्गी अंश वेगळा केला आणि त्याला थोरियम-एक्स असे नाव दिले. सुमारे तीन आठवड्यांनी पाहतात तो त्या अंशाचे तेज जवळजवळ नाहीसे झालेले, आणि निस्तेज करून ठेवलेल्या थोरियमला ते पूर्ववत प्राप्त झालेले. रोजच्या रोज मोजणी केल्यावर नियम हाती आला. थोरियम-एक्सचे तेज सुमारे चार दिवसांत निम्मे होई, पुढील चार दिवसांत उरलेल्याचे निम्मे, आणि असेच पुढे. त्याच गतीने मूळ थोरियममध्ये नवा अंश तयार होत राही. एका खात्यातून जेवढे वजा, तेवढे दुसऱ्या खात्यात जमा. उष्णता देऊन वा थंड करून या गतीत तसूभरही फरक पडत नव्हता. या निम्मे होण्याच्या काळालाच आज आपण अर्धायुष्य म्हणतो. अणू हा अविनाशी आहे, ही शंभर वर्षांची समजूत त्या मोजणीने मोडीत काढली.

१९०३ मध्ये लंडनला विल्यम रॅम्से यांच्यासमवेत त्यांनी रेडियममधून हेलियम वायू उत्पन्न होतो हे दाखविले, आणि १९०४ ते १९१४ ही दहा वर्षे ते ग्लासगो विद्यापीठात राहिले. त्यांचे सर्वांत मोठे कार्य याच काळातील आहे.

त्या वेळची अडचण अशी होती. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मांडलेल्या आवर्तसारणीत प्रत्येक मूलद्रव्याला एक घर नेमून दिलेले आहे. शिसे ते युरेनियम या टप्प्यात अशी घरे केवळ अकरा; परंतु किरणोत्सर्गाच्या अभ्यासातून या टप्प्यात चाळीसच्या आसपास नवी ‘मूलद्रव्ये’ सापडली होती. एवढ्या पाहुण्यांना बसवावे कोठे? सॉडींच्या ध्यानात आले की, यांतील कित्येक द्रव्ये एकदा एकत्र मिसळली की कोणत्याही रासायनिक उपायाने वेगळी होत नाहीत. रेडियम आणि मेसोथोरियम ही अशीच एक जोडी. त्यांनी निष्कर्ष काढला की, ही द्रव्ये वेगळी होत नाहीत याला रसायनशास्त्रज्ञांचे अपुरे कौशल्य कारण नसून, ती रासायनिकदृष्ट्या एकच आहेत; भेद आहे तो केवळ वजनाचा आणि आयुष्याचा. म्हणून त्यांना एकाच घरात बसवावे.

१९१३ मध्ये हा विचार पूर्णत्वास गेला. अणूतून अल्फा कण बाहेर पडला की वजन चारने घटते आणि मूलद्रव्य सारणीत दोन घरे मागे सरकते. बीटा कण बाहेर पडला की वजन जवळपास तेवढेच राहते, पण मूलद्रव्य एक घर पुढे जाते. म्हणजे २३८ वजनाच्या युरेनियमने एक अल्फा आणि दोन बीटा कण टाकले, तर ते फिरून स्वतःच्याच घरी परतते. वजन मात्र २३४ झालेले असते. (कॅसिमिर फायान्स व अलेक्झांडर रसेल हेही त्याच सुमारास अशा नियमापर्यंत पोहोचले होते.) अशा द्रव्यांना नाव काय द्यावे, याची चर्चा ग्लासगोत सॉडींच्या सासऱ्यांच्या घरी भोजनप्रसंगी निघाली असता, तेथे उपस्थित असलेल्या डॉक्टर व लेखिका मार्गारेट टॉड यांनी ‘एकच स्थान’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ‘आयसोटोप’ हे नाव सुचविले. मराठीतील ‘समस्थानिक’ हा शब्द त्याचेच अचूक रूप आहे.

सिद्धांत मांडला तरी ताळा पडावयास हवा. युरेनियम आणि थोरियम या दोहोंची साखळी अखेर शिशावर थांबते. मात्र गणिताप्रमाणे पहिल्यातून येणाऱ्या शिशाचे वजन २०६ आणि दुसऱ्यातून येणाऱ्याचे २०८ असावयास हवे होते. बाजारातील साधारण शिशाचा अणुभार २०७.२ आहे. सॉडींनी सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, आणविलेल्या थोराइट खनिजातील शिसे तपासले. त्याचा अणुभार सुमारे २०७.७ भरला, युरेनियमच्या खनिजांतील शिसे इतर संशोधकांच्या तराजूत २०६ च्या जवळ आले. तराजूने साक्ष दिली. या काळातील पुष्कळसे जिकिरीचे काम त्यांच्या सहायक एडा हिचिन्स यांनी केले, याची नोंद घेणे न्यायाचे आहे. १९१९ मध्ये फ्रान्सिस ॲस्टन यांनी आपल्या उपकरणाने दाखविले की, किरणोत्सर्गी नसलेल्या मूलद्रव्यांतही असे भाऊबंद असतात. क्लोरीनचा ३५.५ हा अणुभार म्हणजे ३५ आणि ३७ वजनाच्या अणूंची केवळ सरासरी होय. सॉडींना १९२१ चे आणि ॲस्टन यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही १९२२ मध्ये एकाच समारंभात प्रदान झाली.

या शोधाचा आपल्या व्यवहाराशी काय संबंध, असे कोणी विचारील, तर नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे उदाहरण समोर आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तेथील ‘कृषक’ प्रकल्पात कोबाल्ट-६० या समस्थानिकाच्या किरणांनी साठवणीतील कांद्याला मोड येणे थांबविले जाते. अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा प्रवेश दिला तेव्हा, २००७ मध्ये, तिकडे गेलेल्या आंब्यावरही येथेच प्रक्रिया झाली होती. कर्करोगाच्या उपचारापासून प्राचीन अवशेषांच्या कालनिर्णयापर्यंत समस्थानिकांचा उपयोग सर्वत्र आहे.

आता सॉडींच्या उत्तरायुष्याकडे वळू. पहिल्या महायुद्धाने त्यांचे मन हादरले. अणुक्रमांकाचे रहस्य उलगडणारा हेन्री मोझली हा अवघ्या सत्तावीस वर्षांचा शास्त्रज्ञ १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणभूमीवर मारला गेला, हा आघात त्यांना फार लागला. विज्ञानाने इतकी शक्ती माणसाच्या हाती दिली असता दारिद्र्य आणि युद्ध का टळत नाही, हा प्रश्न त्यांना छळू लागला, आणि त्याचे मूळ त्यांना पैशाच्या व्यवस्थेत दिसले. १९१९ पासून ते ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. पण लेखणी अर्थशास्त्रावर चालू लागली. ‘संपत्ती, आभासी संपत्ती आणि कर्ज’ या अर्थाच्या नावाचा त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांचे मुख्य सूत्र व्यापाऱ्याला तत्काळ पटावे असे आहे. खरी संपत्ती म्हणजे धान्य, कापड, घर, यंत्र. ही निसर्गनियमांना बांधलेली आहे. धान्याला कीड लागते, कापड विरते, यंत्र झिजते. ती निर्माण करण्यास ऊर्जा लागते, आणि ऊर्जा मुळात सूर्याकडून येते. सूर्यप्रकाश हे मानवजातीचे चालू उत्पन्न. कोळसा हे साठविलेले भांडवल, आणि आपण ते उत्पन्न समजून खर्च करीत आहोत, असा त्यांचा इशारा होता. कर्ज मात्र वस्तू नव्हे, तो केवळ आकडा आहे. त्याला कीड लागत नाही, गंज चढत नाही. ते गणिताच्या नियमाने वाढत राहते. दोन डुकरे डोळ्यांना दिसतात, पण ‘उणे दोन’ डुकरे कोणी पाहिली आहेत काय, असा त्यांचा प्रश्न असे. उण्या डुकरांना दाणावैरण लागत नाही, म्हणूनच ती अमर्याद वाढू शकतात.

आपण स्वतः आकडेमोड करून पाहू. शंभर रुपये १२ टक्के चक्रवाढीने लावले, तर सहा वर्षांत त्यांचे १९७ होतात आणि साठ वर्षांत सुमारे ८९,७६०. वखारीतील गव्हाचे शंभर पोते साठ वर्षांनी काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. माँट्रियलमध्ये सॉडींनी मोजलेला ऱ्हास आणि ही चक्रवाढ यांचे गणित एकच, फक्त दिशा उलट. संपत्तीला घसारा आणि कर्जाला चक्रवाढ, अशी ही विषम शर्यत आहे. कर्जदाराची कमाई व्याजाच्या गतीने वाढू शकली नाही, म्हणजे शेवट थकबाकी, दिवाळे किंवा चलनाचे अवमूल्यन यांपैकी एकात होतो. आपल्याकडील दामदुपटीच्या जुन्या नियमात, जो मुंबई इलाख्यात न्यायालयेही मानीत, एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. त्या नियमामागील शहाणपण सॉडींच्या विचाराच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होते.

सॉडींचे उपाय चार : सुवर्णमानाचा त्याग, चलनांचे दर बाजारावर सोडणे, किमतींचा निर्देशांक पाहून पैशाचा पुरवठा राखणे, आणि बँकांना शंभर टक्के राखीव निधीची सक्ती. तेव्हाच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांना विक्षिप्त म्हणून झिडकारले. तथापि पहिले तीन उपाय आज जगरहाटीचा भाग झाले आहेत. आपली रिझर्व्ह बँकही ग्राहक किंमत निर्देशांकावर दृष्टी ठेवूनच व्याजदर ठरविते. चौथ्याला १९३३ मध्ये शिकागोच्या काही अर्थशास्त्रज्ञांनी उचलून धरले, परंतु तो अंमलात आला नाही. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या जनतेने याच धर्तीचा प्रस्ताव सार्वमताने नाकारला. बँक कर्ज मंजूर करते तेव्हा कर्जदाराच्या खात्यात नवी ठेव जमा होते, म्हणजे पैसा निर्माण होतो, हे सॉडींचे निरीक्षण अचूक आहे. तरीही बँकेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला वाटते की, ही वाट पूर्णतः बंद केली तर हंगामात माल भरणाऱ्या व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट कोण देणार, याचे उत्तर त्यांच्या योजनेत समाधानकारक मिळत नाही.

त्यांच्या लेखनावरील एक डागही झाकून ठेवू नये. व्यवस्थेचा दोष दाखविता दाखविता त्यांनी ज्यू समाजाविरुद्धच्या, बनावट ठरलेल्या एका कुप्रसिद्ध दस्तऐवजाचा आधार घेतला. अणूचे वजन दशांशापर्यंत तपासणाऱ्या माणसाने तो कागद मात्र तपासला नाही. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांची दप्तरे जाळली गेली, तो इतिहास ज्यांच्या पूर्वजांनी अनुभवला, त्यांना व्यवस्थेचा राग एखाद्या समाजावर काढला की काय घडते, हे सांगावे लागू नये. व्याजाचे गणित चुकीचे असेल तर गणित दुरुस्त करावे. जात वा धर्म पाहून आरोपी शोधणे हे शास्त्रही नव्हे आणि न्यायही नव्हे.

पत्नी विनिफ्रेड यांच्या निधनानंतर १९३६ मध्ये सॉडी निवृत्त झाले, आणि २२ सप्टेंबर १९५६ रोजी ब्रायटन येथे त्यांचे देहावसान झाले. विज्ञानात त्यांनी शिकविले ते असे की, एकाच नावाखाली एकाच घरात बसलेल्या वस्तूंचे वजन भिन्न असू शकते. ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूलाही हेच लागू पडते. गोदामातील माल आणि वर्षानुवर्षे व्याजासह वाढत गेलेली उधारी ही एकाच बाजूला लिहिली जातात, बेरजेत सारखीच दिसतात. यंदाच्या वहीपूजनापूर्वी सुज्ञ वाचकांनी या दोहोंची बेरीज वेगवेगळी करून पाहावी. पहिल्या बेरजेतून घसारा वजा होतच असतो. दुसऱ्या बेरजेतील व्याज ज्याच्याकडून यावयाचे, त्याच्या वखारीत तेवढा माल आहे काय, एवढे तपासावे.