नेम अंगठ्याचा की मनगटाचा?

आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूरसारख्या, जेथे गोंडी, तेलुगू आणि मराठी एकाच बाजारात नांदतात अशा गावी तरुणांच्या हाती नेमबाजीचा जो खेळ येतो तो बहुधा मोबाइलवरचाच. आणि 2021 साली भारतात आलेला ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ जायरोस्कोप, म्हणजे यंत्राचे वळणे टिपणारा संवेदक, वापरण्याची मुभा देत असल्यामुळे, नेम अंगठ्याने धरावा की यंत्र कलवून, हा प्रश्न तेथेही तितकाच लागू आहे.

माझा कौल निःसंशय मनगटाच्या बाजूने आहे. अंगठ्याने हलवायची कंट्रोलरची ॲनालॉग स्टिक जितकी कलवावी तितक्या वेगाने दृष्टी फिरत राहते, म्हणजे खेळाडू स्थान नव्हे, केवळ गती ठरवतो, आणि इष्ट बिंदूवर थांबण्यासाठी त्याला ती ऐन क्षणी मध्यावर आणावी लागते. याच अडचणीपोटी अनेक खेळांनी तिच्या दिमतीस नेम-साहाय्य दिले आहे. जायरोस्कोपमध्ये हात ज्या प्रमाणात वळतो त्याच प्रमाणात नेम सरकतो व हात थांबताच थांबतो, याचा प्रत्यय निन्टेंडोच्या 2015च्या ‘स्प्लॅटून’ने असंख्य खेळाडूंना दिला. अर्थात पाठीमागे वळण्याचे मोठे काम अंगठ्याने करावे आणि सूक्ष्म दुरुस्ती मनगटाकडे सोपवावी, हीच तजवीज मला इष्ट वाटते.

एक हरकत मात्र रास्त आहे: स्वस्त फोनांपैकी अनेकांत जायरोस्कोप नसतोच, आणि मग निवडीचा अधिकारच उरत नाही. म्हणून तरुण वाचकांनी फोन घेण्यापूर्वी त्यात जायरोस्कोप असल्याची खातरजमा करावी, आणि काही दिवसांच्या सरावाविना निकाल देऊ नये.