बर्लिनवर बोललो, आता वांद्र्यावर बोलूया

बर्लिनमधल्या त्या भारतीय बाळाचं प्रकरण आठवतंय ना? सप्टेंबर २०२१ मध्ये सात महिन्यांच्या मुलीच्या दुखापतीवरून तिथल्या बालकल्याण खात्याने तिला आईबापांकडून काढून घेतलं. २०२२ मध्ये आरोप न ठेवता फौजदारी तपास बंद झाला, तरी मूल परत मिळालं नाही. जून २०२३ मध्ये १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं. चांगलंच केलं. पण तशी वेळ सांताक्रूझमधल्या आईबापांवर आली, तर त्यांनी दाद कुठे मागायची? हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

समजा, वाकोल्यातलं चार वर्षांचं पोर. बाप रिक्षा चालवतो, आई कलिन्यात चार घरची धुणीभांडी करते. अंगणवाडीताईला पोराच्या पाठीवर वळ दिसतात, ती १०९८ ला फोन करते. बरोबरच करते. तिथे गप्प बसणं हा गुन्हाच म्हणायला हवा.

मूल ताब्यात घेतलं तर २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला दंडाधिकाऱ्यांच्या खंडपीठाइतके अधिकार आहेत. सामाजिक चौकशीचा अहवाल १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, असं बाल न्याय कायदा, २०१५ सांगतो. चार महिने म्हणजे चार वर्षांच्या पोराच्या आयुष्याचा बारावा हिस्सा. ते मानखुर्दच्या बालगृहात असेल, तर आई एक दिवसाचं काम बुडवून, हार्बरने वडाळ्याला गाडी बदलून त्याला भेटायला जाणार.

आता समजा, चौकशीला आलेल्या माणसाने गॅलरीत उभं राहून शेजाऱ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "हे पोराला मारतात का हो?" किंवा आई जे बोललीच नाही ते अहवालात आलं. किंवा तीनदा बोलावून तीनदा "आज साहेब नाहीत" म्हणून परत पाठवलं. मग हे लोक आधी नगरसेवकाकडे जातात, नंतर पोलीस ठाण्यात. शेवटी कोणीतरी मोबाईल काढतो आणि पोराच्या फोटोसकट व्हिडिओ व्हायरल. यात त्यांचंच नुकसान होतं, कारण मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ची मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून मंडळी, असे व्हिडिओ पुढे ढकलू नका.

खरा दरवाजा कायद्यातच आहे, फक्त त्यावर पाटी नाही. कलम २७(१०) नुसार समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या कलेक्टरना आहे. सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर दोन्ही बाजू ऐकून आदेश द्या, असंच स्पष्ट म्हटलंय. उपनगर जिल्ह्याचं कलेक्टर ऑफिस वांद्रे पूर्वेला आहे, इथून दोन स्टेशनं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. आदेशच चुकीचा वाटत असेल, तर बाल न्यायालयात अपील करायचं, मुदत ३० दिवस. (प्रतिपालक कुटुंब किंवा प्रायोजकत्वाच्या आदेशावरचं अपील मात्र कलेक्टरकडेच.) वागणूक, टाळाटाळ, चालढकल याबद्दल तक्रार असेल तर कलेक्टर. आईबाप दोन्ही एकाच अर्जात घालतात, उत्तराची वाट पाहतात आणि तेवढ्यात ३० दिवस निघून जातात. हा फरक त्यांना पहिल्याच दिवशी सांगणं कोणाचं काम आहे?

"तक्रारीचा रस्ता सोपा केला तर मारकुटे बापच आधी येतील," असं काही जण म्हणतील. येतील, खरंय. मारणारा अनेकदा घरातलाच असतो. म्हणूनच तक्रार आली म्हणून चौकशी थांबता कामा नये, आणि फोन करणाऱ्या ताईचं नाव बाहेर पडता कामा नये. पण उलटंही तितकंच खरं आहे. आईने तक्रार केली म्हणून फाईलमध्ये "पालक सहकार्य करत नाहीत" असा शेरा पडला, तर तक्रारीचा हक्क कागदावरच राहिला. आणि चौकशीला धाक नसेल तर मुलाचंही नुकसानच, कारण निष्काळजी अहवाल निर्दोष घर मोडू शकतो, तसाच मार खाणाऱ्या पोराला परत त्याच घरात पाठवू शकतो.

मागण्या साध्या आहेत.

१) समितीच्या प्रत्येक आदेशामागे मराठी आणि हिंदीत चार ओळी छापा: अपील कुठे, किती दिवसांत, तक्रार कुठे.

२) कलेक्टर ऑफिसात या तक्रारींसाठी एक ठरलेलं टेबल, हातात पोच आणि सुनावणीची तारीख.

३) ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याकडेच ती "अभिप्रायासाठी" पाठवून फाईल बंद करू नका.

४) समितीच्या कामाचा आढावा कलेक्टरनी दर तीन महिन्यांनी घ्यायचाच असतो. त्यात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, हे नावं न देता जाहीर करा.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. लागतो एक छापील कागद आणि एक जबाबदार माणूस. बर्लिनसाठी ५९ खासदारांनी सह्या केल्या. वांद्र्यासाठी आपल्या आमदारांनी आणि पालकमंत्र्यांनी एक पत्र लिहावं, एवढंच मागणं आहे. पटलं तर ही पोस्ट त्यांना टॅग करा, आणि तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना तो ३० दिवसांचा मुद्दा तेवढा नक्की सांगा.