सायकल दिली, पण हवेचं काय?

तंजावर म्हणजे कावेरीचा सपाट त्रिभुज प्रदेश. नजर जाईल तिकडे भातखाचरं आणि कालवे. चढ म्हणाल तर कालव्यावरच्या पुलाचा, तेवढाच. सायकलसाठी याहून सोयीचा मुलूख शोधून सापडणार नाही. त्यात तमिळनाडू सरकार सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या अकरावीच्या मुलामुलींना मोफत सायकल देतं. ही योजना मला मनापासून पटते. ज्या मुलीचं शिक्षण बसच्या वेळेवर अवलंबून होतं, तिला स्वतःची वेळ मिळते.

सध्या एनसीसीच्या नेमणुकीमुळे माझं शाळांमध्ये सतत जाणं होतं. परेड संपली की मी आवारातल्या सायकलींच्या रांगेवरून एक फेरी मारतो. खडकवासल्याला तीन वर्षं सायकलवर काढलेल्या माणसाची ही खोड आहे. तिथे सायकल पंक्चर झाली की ती खांद्यावर घेऊन पळावं लागायचं, त्यामुळे टायर दाबून बघण्याची सवय हाताला कायमची लागली. इथल्या रांगेत चाकामागून चाक अंगठ्याखाली दबतं. सायकल नवी, साखळी ठीक, ब्रेक ठीक, हवा मात्र अर्धी.

हे दिसायला किरकोळ आहे, पण हिशेब करून बघा. समजा मागच्या चाकावर 50 किलो भार आहे. टायरमध्ये 45 पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 3 किलो दाब असेल, तर टायर साधारण 16 चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतो. काडेपेटीएवढी जागा. हवा 20 पीएसआयवर आली की तीच जागा दुपटीहून जास्त होते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तेवढं रबर चेपलं जातं आणि पुन्हा सरळ होतं. त्यासाठी लागणारी ताकद कुठून येते? सायकल चालवणाऱ्या मुलीच्या पायांतून. घाटात निदान उताराला पाय विसावतात. सपाट मुलखात उतारच नाही, त्यामुळे पहिल्या पॅडलपासून शाळेच्या फाटकापर्यंत ती हा दंड भरत राहते. वर धाकटा भाऊ कॅरिअरवर बसलेला असतो, म्हणजे सगळा जादा भार त्याच मागच्या चाकावर. मग घरी सांगते, सायकल जड चालते. घरचे म्हणतात, फुकटची सायकल अशीच असणार. सायकल कोपऱ्यात जाते. बिचाऱ्या सायकलीचा दोष काय?

दुसरं नुकसान पंक्चरचं. पंक्चर म्हटलं की आपण खिळ्याला किंवा काट्याला शिव्या देतो. पण ट्यूब काढल्यावर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, सापाने दंश केल्यासारख्या, तर तिथे खिळा नव्हता. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं, आणि रिम व दगड यांच्यामध्ये ट्यूब चेचली गेली. असं पंक्चर पाच मिनिटं पंप मारला असता तर टळलं असतं.

बऱ्याच लोकांना वाटतं की गाडीच्या टायरपेक्षा सायकलला हवा कमी लागते. उलट आहे. मोटारीला साधारण 30 ते 35 पीएसआय पुरते. सायकलचा टायर बारीक, जमिनीला टेकणारी जागा लहान, म्हणून दाब जास्त लागतो. किती, ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. ट्यूबमध्ये मुळात हवाच थोडी, आणि ट्यूब कितीही चांगली असली तरी रबरातून ती हळूहळू झिरपते. आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर जी छोटी रबरी नळी असते, ती उन्हाने कडक होऊन चिरते. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचं, ही जुन्या सायकलवाल्यांची परीक्षा आजही चालते. या व्हॉल्व्हमधून हवा मागे येत नाही, त्यामुळे गेज लावून दाब नीट कळत नाही. अंगठाच गेज. मागचं चाक घट्ट, पुढचं किंचित कमी. सायकलवर बसल्यावर टायर जमिनीपाशी जरासा फुगावा, पसरू नये.

कुणी म्हणेल, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आहे की. असतो, पण तो आता मोटारसायकलींचा झाला आहे, आणि त्याचा कॉम्प्रेसर सायकलची ट्यूब बघता बघता फोडू शकतो. शिवाय सायकलवाली मुलगी सकाळी सातला निघते, दुकान नऊला उघडतं.

फौजी वाचकांना एक जुनी गोष्ट आठवेल. डिसेंबर 1941 मध्ये जपानी सैन्य मलायात उतरलं आणि सायकलींवरून दक्षिणेकडे निघालं. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं. त्या उन्हात टायर फुटत, तेव्हा जपानी सैनिक नुसत्या रिमवर सायकल हाकत, आणि रात्री त्या खडखडाटाने समोरच्यांना रणगाडे आल्याचा भास होई. हा किस्सा सगळे सांगतात. त्यापुढचा भाग कमी जण सांगतात: प्रत्येक कंपनीबरोबर किमान दोन माणसांचं सायकल दुरुस्ती पथक होतं. म्हणजे सायकलींबरोबर ती चालू ठेवणारी माणसंही दिली होती. आपण सायकल वाटपाचा समारंभ करतो, फोटो काढतो आणि तिथे थांबतो. फौजेत कुठलंही वाहन युनिटला आलं की त्याच दिवशी त्याची देखभाल कोणाकडे, हे ठरतं. ते न ठरवता वाहन ताब्यात घेणारा अधिकारी मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की सायकल देणाऱ्या प्रत्येक योजनेत शाळेला एक उभा पंप आणि पंक्चरचं सामान द्यावं. काही शंभर रुपयांचं काम आहे. त्यापेक्षा महत्त्वाचं, त्याची जबाबदारी दोन नावांवर लिहावी. शुक्रवारचा शेवटचा तास संपताना दहा मिनिटं, सगळ्यांनी आपापली चाकं दाबून बघायची, गरज असेल त्याने हवा मारायची. पंप कपाटात कुलूपबंद राहिला तर तो दिलाच नाही असं समजावं. माझ्या कॅडेट्सकडून हे मी आता करून घेतो. तमिळमध्ये ते म्हणतात, 'कात्तु अडिक्कणुम'. अडिक्क म्हणजे मारणे. हवा 'मारायची' ही कल्पना दोन्ही भाषांत एकच, हे ऐकून पहिल्यांदा मौज वाटली.

महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, आणि बिहारमध्ये 2006 पासून मिळत आहेत. निवृत्त होऊन गावी स्थायिक झालेल्या माझ्या ज्येष्ठांना आणि जवानांना एक विनंती. गावच्या शाळेत तुम्हाला 15 ऑगस्टला बोलावतात, भाषण करायला सांगतात. पुढच्या वेळी जाताना एक पंप घेऊन जा. भाषण पाच मिनिटांत संपवा आणि सायकलींच्या रांगेवरून अंगठा फिरवा. मुलं लगेच मागे येतील. त्यातल्या दोघांची नावं लिहून मुख्याध्यापकांकडे द्या, आणि महिन्याने परत एकदा चक्कर मारा.